खाऱ्या टँकमध्ये नवीन मासा, श्रिम्प, स्नेल आणून राहिलो, क्वारंटाइन खरंच लागते का आणि एका खोलीत कसं जमवायचं?

पूर्णाकाठचा

राम राम मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातून लिहून राहिलो. घरी साडेतीन फुटाचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, अंदाजे २०० लिटर, वर्षाच्या वर झालं चालू आहे. क्लाऊन माशांची जोडी, एक गोबी मासा, थोडे झोआ अन् दोन मशरूम (दोन्ही मऊ कोरलचे प्रकार), मागं लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया बसलेले समुद्री दगड). सगळं चांगलं चालू आहे म्हणूनच भीती वाटून राहिली, कारण आता मुंबईहून पार्सल मागवायचं म्हणतो. एक ब्ल्यू टँग मासा, एक क्लीनर श्रिम्प, आठ-दहा टर्बो स्नेल आणि झोआचे दोन-तीन फ्रॅग (तोडून लावलेले तुकडे).

दुकानवाला म्हणते भाऊ मासा महिनाभर आमच्याकडं आहे, खाऊन राहिला, डायरेक्ट टाका, आणि क्लीनर श्रिम्प असला की तोच किडे खाऊन टाकते, वेगळा ठेवायची गरज नाही. पण इथं वाचलं की नवीन मासा डायरेक्ट टाकला की एखाद्या वेळी जुने पण जातात. हे क्लाऊन माझ्या पोरीनं नाव ठेवून वाढवलेले आहेत, त्यांच्या जिवावर येईल असं काही करायचं नाही.

आता अडचणी सांगतो. दुसऱ्या पूर्ण सेटअपचा खर्च जमत नाही. टँक ज्या खोलीत आहे तीच एक खोली थंड राहते, कूलर तिथंच लागतो. लाइट दिवसातून कधी पण जाते. एक ४० लिटरचा प्लास्टिक टब पडून आहे, त्यात होईल का? किती दिवस ठेवायचं? स्नेलला आणि फ्रॅगला पण लागते का का फक्त माशाला? आणि कॉपरचं औषध म्हणतात ते मागवायला महाग पडते, घरी संत्र्याच्या बोर्डो औषधासाठी आणलेलं मोरचूद आहे, ते पण कॉपरच आहे नं, ते चालते का?

संत्रापट्टा_रीफ

भाऊ सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: मोरचूद टाकू नका. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच, हे बरोबर, पण त्यात वजनाच्या पाव हिस्सा तांबं असते. मोकळ्या तांब्याची माशाला लागणारी लेवल लिटरमागं साधारण ०.२ मिलिग्रॅम. तुमच्या ४० लिटरच्या टबाला हिशोब केला तर मोरचूद लागते ३१-३२ मिलिग्रॅम. किचनच्या काट्यावर एक ग्रॅम धड दिसत नाही, तिथं हे कसं मोजणार? थोडं कमी पडलं की किडा मरत नाही, थोडं जास्त झालं की मासा मरते. आणि शेतीच्या मोरचूदात बाकी काय काय आहे ते आपल्याला माहीत नसते. माशासाठीचं चेलेटेड कॉपर (मोकळं नाही, दुसऱ्या पदार्थाशी बांधलेलं तांबं) घ्या, त्याची लेवल २ ते २.५ पीपीएम (लिटरमागं मिलिग्रॅम) असते आणि ते जरा सांभाळून घेते, सोबत त्याच प्रकारचं कॉपर मोजणारी टेस्ट किट घ्याच. किट नसेल तर कॉपर वापरूच नका, हे मी ठामपणे सांगतो.

आता दुकानवाल्याच्या "महिनाभर" बद्दल. बऱ्याच दुकानांत सगळे टँक खालून एकाच संपला (फिल्टरच्या टाकीला) जोडलेले असतात. तुमचा मासा तिथं महिनाभर असेल पण शेजारच्या टँकमध्ये दर आठवड्याला नवीन माल उतरते आणि पाणी सगळ्यांचं एकच. म्हणजे प्रत्येक नवीन पेटीबरोबर दिवस परत शून्यापासून मोजायचे. त्यात कुठं कुठं पाण्यात थोडंसं कॉपर कायम सोडलेलं असते किंवा खारटपणा कमी ठेवलेला असते, त्यानं रोग मरत नाही, दबून राहते. घरी चांगल्या पाण्यात आला की आठवड्या-दोन आठवड्यात अंगावर दिसते. दुकानवाला खोटं बोलते असं नाही, त्याला तिथं दिसलंच नसेल.

मेन दुश्मन दोन. एक इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. अंगावर मिठाच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके. हा किडा माशावर तीन ते सात दिवस राहते, मग गळून खाली पडते, दगडावर काचेवर जिथं जागा भेटल तिथं कवच करून बसते, आणि त्यातून शेकड्यानं पिल्लं निघून परत मासा शोधतात. म्हणून ठिपके गेले की लोकं म्हणतात बरा झाला, अन् तेव्हाच तो खाली बसून वाढत असते. दुसरा वेल्वेट, अमायलूडिनियम. हा फार वाईट. ठिपके इतके बारीक की सरळ पाहिलं तर दिसत नाही, खोलीत अंधार करून टॉर्च बाजूनं तिरपा मारा, अंगावर पिवळसर भुकटी पसरल्यासारखी दिसते. मासा जोरजोरात श्वास घेते, पंपाच्या धारेत तोंड करून उभा राहते, खाणं सोडते. दिसल्यापासून दोन-तीन दिवसात टँक रिकामा होऊ शकते. रीफ टँकमध्ये (कोरलवाल्या टँकमध्ये) तुमच्याकडं याच्यावर काही इलाज नाही, कारण कॉपर टाकलं तर झोआ, श्रिम्प, स्नेल सगळे जातात आणि दगड ते तांबं पिऊन ठेवतात. म्हणून जे काय करायचं ते बाहेर, टबात.

४० लिटरचा टब छोट्या माशाला चालते. खाली रेती नाही, दगड नाही, कारण दगड आणि कोरलची रेती कॉपर ओढून घेते अन् टेस्टचा आकडा रोज खाली येते. लपायला पीव्हीसीचे एल्बो टाका, बोअरच्या कामातले दोन इंची उरलेले असतीलच, फक्त ते नवीन किंवा स्वच्छ असले पाहिजे. एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर, हीटर, आणि वरून जाळी. स्पंज आतापासूनच मेन टँकच्या संपमध्ये टाकून ठेवा, तीन-चार आठवड्यात त्यात बॅक्टेरिया बसते, नाहीतर टबात अमोनिया चढून मासा रोगाआधी त्यानंच जाईल. एकदा कॉपरमध्ये गेलेला स्पंज परत संपमध्ये टाकायचा नाही.

माशाचं टाइमटेबल असं ठेवा. पहिले चार-पाच दिवस फक्त खाऊ घालायचं अन् पाहायचं. नीट खाऊन राहिला की कॉपर हळूहळू चार-पाच दिवसांत पूर्ण लेवलला न्या, आणि तिथं ३० दिवस सलग ठेवा, मधी खाली आलं तर मोजणी परत पहिल्यापासून. रोज टेस्ट. मग पाणी बदलून फिल्टरचा कार्बन (कोळसा) टाकून कॉपर काढा आणि प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्या, ते अंगावरच्या अन् कल्ल्यातल्या फ्लूक किड्यांसाठी, दुसरा डोस आठवडाभरानं कारण अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही. जनावराच्या मेडिकलमध्ये कुत्र्याच्या जंताची गोळी भेटते त्यात प्राझिक्वांटेल असते म्हणून कोणी सांगल, ती नका घेऊ, त्यात दुसरी पण औषधं मिसळलेली असतात. आणि एक, काही अमोनिया कमी करणारी लिक्विडं कॉपरसोबत टाकली की कॉपर जास्त विषारी होते. कॉपर चालू आहे तोवर अमोनियावर उपाय एकच, पाणी बदलणं, आणि बदलीच्या पाण्यात आधीच तेवढंच कॉपर मिसळणं.

क्लीनर श्रिम्प हा काही इलाज नाही. तो वरवरचं काहीतरी उचलून खाते, पण इक कातडीच्या आत शिरून बसलेला असते आणि कल्ल्यात तर श्रिम्पचा हातच पोचत नाही.

वैनगंगा७

ब्ल्यू टँग २०० लिटरमध्ये?? भाऊ तो ३० सेंटीमीटरपर्यंत वाढते, दिवसभर लांब लांब पोहणारा मासा आहे, सहा फुटाच्या खाली त्याला ठेवू नये. वरून टँगला इक सगळ्यात लवकर धरते. पोरीला निळा मासा पाहिजे असल समजू शकतो पण त्याच्यापेक्षा फायरफिश बघा, तुमच्या टबात पण मावते, मेन टँकमध्ये पण. उडी मारते फक्त, झाकण पाहिजेच.

दुसरं, वरच्या भाऊंचं बाकी सगळं पटलं पण सरसकट कॉपर मला पटत नाही. फायरफिशसारख्या नाजूक माशाला प्रवासातून आल्या आल्या औषध म्हणजे जास्तीचा ताण. मी पाच-सहा आठवडे नुसतं वेगळं ठेवून पाहतो, रोज संध्याकाळी टॉर्च मारतो, काही दिसलं तरच औषध. हॅचरीत पैदा झालेला मासा असल तर अजूनच निवांत. केरळात विळिंजम अन् तामिळनाडूत मंडपम इथं केंद्र सरकारच्या समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाऊनची पैदास बसवलेली आहे, असा मासा समुद्रातून पकडलेल्यापेक्षा कमी रोग घेऊन येते. विकणाऱ्याला विचारायचंच, पकडलेला का पैदाशीचा.

संत्रापट्टा_रीफ

@वैनगंगा७ टँगबद्दल अगदी बरोबर, माझ्याकडून ते लिहायचं राहूनच गेलं होतं म्हणून बरं झालं तुम्ही टोकलं. नुसतं पाहण्याबद्दल मात्र एक सांगतो, हलका इक फक्त कल्ल्यात राहू शकते, अंगावर एक ठिपका नाही अन् मासा खाऊन-पिऊन मजेत. महिनाभर पाहून पण दिसत नाही. समुद्रातून पकडलेला असल तर मी कॉपर देणारच. खात्रीचा हॅचरीचा असल अन् एकट्यानंच आला असल तर तुमची पद्धत चालू शकते, पण टब रिकामा करून मेन टँकमध्ये टाकायची घाई नको. अन् पूर्णाकाठच्या भाऊ, क्लाऊन कधी घेतला तर एक वेगळा रोग असते, ब्रुकलिनेला, अंगावरून चिकट पांढरे पापुद्रे निघतात, त्याला कॉपर लागू पडत नाही, फॉर्मलिनची आंघोळ लागते. ते दिसलं तर इथं लगेच लिहा, स्वतःच्या मनानं काही टाकू नका.

अकोट_रोड

पाण्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, मी पण तुमच्याच खारपाणपट्ट्यातला. आपल्या बोअरचं पाणी खारट लागते म्हणून मला गावातल्या एकानं विचारलं होतं की मग मीठ कायले विकत आणता, हेच भरा. समुद्रात लिटरमागं ३५ ग्रॅम क्षार असतात, आपलं बोअर त्याच्या आसपास पण नाही, आणि त्यातल्या क्षारांचं प्रमाण समुद्रासारखं नसते, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा मेळ बसत नाही. तेव्हा टबाला पण आरओचंच पाणी अन् सी सॉल्ट (टँकसाठी मिळणारं समुद्री मीठ). ४० लिटरला दीड किलोच्या आसपास मीठ लागते.

घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी वापरत असाल तर त्यात टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा व्हॉल्व असते, तो चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळते. तो बंद करा किंवा त्याच्या आधीच नळी काढा. आपल्या पाण्याचा टीडीएस एवढा जास्त की मेंब्रेननंतर पण बरंच उरते, शेवटी डीआयची (उरलेले क्षार काढणारी) एक बाटली जोडली तर शून्याच्या जवळ येते.

आता उन्हाळा. हे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. पंखा आणि कूलर लावला की टबातून रोज लिटर-दोन लिटर पाणी उडते. २०० लिटरच्या टँकमध्ये ते जाणवत नाही, पण ४० चं ३८ झालं की मीठ पण पाच टक्के चढलं अन् कॉपर पण पाच टक्के चढलं. दोन दिवस लक्ष नाही दिलं तर कॉपर अडीचचं पावणेतीन होते. टबाच्या बाहेरून मार्करनं पाण्याची रेघ मारा अन् सकाळ-संध्याकाळ साधं आरओ पाणी टाकून रेघेवर आणा, मिठाचं नाही, कारण मीठ उडत नाही. टेस्ट पण रेघेवर आणल्यावरच करायची.

कूलरचं अजून एक. वेल्वेटची पिल्लं पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर हवेतून पण जातात, पंख्याची हवा असली की तीन मीटरपर्यंत. तुमच्या एकाच खोलीत कूलर, टब आणि टँक तिन्ही असणार. टब दहा फुटाच्या पलीकडं ठेवा, हवा टँककडून टबाकडं जाईल असं ठेवा, उलटं नाही, आणि स्पंज फिल्टरचे बुडबुडे फुटतात त्याच्यावर झाकण राहू द्या. नाहीच जमलं तर टब दुसऱ्या खोलीत न्या अन् टबापुरता छोटा टेबल फॅन पाण्यावर तिरपा लावा, तेवढ्यानं दोन-तीन डिग्री उतरते. ३० च्या वर गेलं की पाण्यात ऑक्सिजन कमी राहते अन् रोग पण भरभर वाढते. मी तर म्हणतो आता एप्रिल-मेमध्ये मासा आणूच नका, आपल्याकडं ४५ डिग्रीत थर्माकोलचा डब्बा ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत कुठं पडून राहील सांगता येत नाही. पोळा झाल्यावर, ऑक्टोबरपर्यंत आणा. तोवर स्पंज पण तयार होईल.

लाइटीचं टेन्शन घेऊ नका. एअर पंप पाच वॉटच्या आतला असते, छोट्या बॅटरीवर रात्रभर चालते. हीटरपेक्षा हवा महत्त्वाची.

आणि शेतकऱ्याच्या घरात हे सांगावंच लागते, टब कधी फवारणीला वापरला आहे का? वापरला असेल तर कितीही धुतला तरी नको. फवारणीचा पंप, औषधाचे डब्बे त्या खोलीत नको, एअर पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडते. मच्छरच्या कॉइल-लिक्विडमध्ये पण पायरेथ्रॉइड असते, ते माशाला वाईट अन् श्रिम्पला त्याहून वाईट. कपाशीवर फवारा मारून आलेल्या हातानं टबात हात घालायचा नाही, घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पूर्णाकाठचा

लय लय धन्यवाद सगळ्यांना. टँग कॅन्सल, पोरीला फायरफिशचा फोटो दाखवला, तिला आवडला. टब नवीनच आहे, फवारणीचा नाही. पार्सल ऑक्टोबरवर ढकलतो. पण स्नेल, श्रिम्प अन् फ्रॅगचं कोणी सांगितलं नाही. त्यांना तर कॉपर चालत नाही मग त्यांना क्वारंटाइन कसं? आणि फ्रॅगसोबत दुकानवाला एक तुकडा हार्ड कोरलचा (दगडासारख्या कडक कोरलचा) पण देतो म्हणून राहिला स्वस्तात.

धामणगावची_ताई

दादा, आधी हार्ड कोरलला नाही म्हणा. आपल्या समुद्रातले सगळे हार्ड कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. विकणं, घेणं, घरी ठेवणं सगळाच गुन्हा आहे. समुद्री घोडे, सी फॅन (पंख्यासारखं कोरल) आणि समुद्री काकडी यांना पण याच कायद्याचं संरक्षण आहे. स्वस्तात देतो, बिल नाही, कुठून आलं सांगत नाही, असं असेल तर तो तुकडा कुठल्यातरी खडकावरून तोडलेलाच असतो. शौकापायी रीफ उजाड करायला आपण हातभार लावू नये असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा प्रश्न. श्रिम्प, स्नेल, झोआ यांना इक किंवा वेल्वेट होत नाही, ते फक्त वाहून आणतात. इकचं कवच स्नेलच्या शंखावर, फ्रॅगच्या प्लगवर (खालच्या चकतीवर) चिकटून येऊ शकतं. म्हणून त्यांना औषध नाही, फक्त वेळ द्यायचा, बिनमाशाच्या टबात. कवचातून निघालेल्या पिल्लांना मासा भेटला नाही की ती मरतात. प्रयोगात काही कवचं ७२ दिवसांनी फुटल्याची नोंद आहे म्हणून जुना हिशोब ७६ दिवसांचा. २७ डिग्रीला बहुतेक सगळं याच्या बरंच आधी आटपतं, म्हणून काही जण ४५ दिवसांवर थांबतात. मी ७६ च पाळते, स्नेलला कुठं घाई आहे. फक्त हा टब माशाच्या टबापेक्षा वेगळा पाहिजे, आणि ज्यात एकदा कॉपर गेलं त्या टबात पुन्हा कधीही श्रिम्प-स्नेल नको.

स्नेलना खायला नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी किंवा शेवाळ आलेला एखादा दगड, श्रिम्पला दोन दिवसाआड एक पेलेट, झोआवर साधा एलईडी. एवढंच. महिना-दोन महिने काही विशेष करायचं नसतं, म्हणून लोक कंटाळतात आणि मधेच सोडून देतात.

फ्रॅग आला की आधी कोरल डिपमध्ये (किडे काढायच्या औषधी पाण्यात) बाटलीवर सांगितलेली मिनिटं ठेवा, पिपेटनं जोरात फवारा मारून हलवा आणि तळाला काय पडतं ते पांढऱ्या वाटीत पाहा. झोआ खाणारे न्युडिब्रँक (बिनशंखाच्या गोगलगायीसारखे जीव) झोआच्याच रंगाचे होतात, पॉलिपच्या (झोआच्या एकेका फुलाच्या) देठाजवळ लपतात, डोळ्यांना पटकन दिसत नाहीत, पण पांढऱ्या वाटीत वळवळताना ओळखू येतात. डिपनं अंडी मरत नाहीत. पॉलिपच्या खाली गोल गुंडाळलेली पांढरी माळ दिसली तर चिमट्यानं खरवडून काढा, आणि आठवड्यानं परत डिप, असं तीन-चार वेळा. शक्य असेल तर जुना प्लगच काढून टाका, झोआ नव्या प्लगवर चिकटवा. एप्टेशिया (तणासारखा पसरणारा सी अ‍ॅनिमोन) तिथंच लपलेला असतो आणि एकदा मेन टँकच्या दगडात शिरला की वर्षानुवर्षं निघत नाही. हातात ग्लोव्हज आणि डोळ्यांना चष्मा विसरू नका, झोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहर असतं, कापाकापी करताना चिळकांडी डोळ्यात गेली तर सरळ दवाखाना.

जाळी, पाइप, बादली सगळं टबाचं वेगळं. एकच वापरावं लागलं तर गोड्या पाण्यात धुऊन दिवसभर कडक उन्हात पूर्ण सुकवायचं, सुकलं की कवच मरतं. रोज आधी मेन टँकचं काम, मग टबाचं, या क्रमानं.

पूर्णाकाठचा

ताई तुमचं सगळं लिहून घेतलं. हार्ड कोरल नको म्हणून सांगतो त्याला. एकच शेवटचं, पार्सल रात्रीच्या गाडीनं येईल, पिशवीत दहा-बारा तास मासा. घरी आल्यावर तास-दोन तास ड्रिप करून (पिशवीच्या पाण्यात थेंब थेंब आपलं पाणी सोडून) मग सोडायचं का?

धामणगावची_ताई

श्रिम्प आणि स्नेलला हो, तासाभराचा ड्रिप, त्यांना खारटपणातला फरक सहन होत नाही. माशाला नाही. पिशवीत रात्रभर माशाच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच खाली जातो, आणि त्यामुळं साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच वर येतो आणि तोच अमोनिया जहर होतो, आणि आपण त्याच पाण्यात माशाला दोन तास ड्रिप लावून बसतो. त्यापेक्षा दुकानवाल्याला आदल्या दिवशी विचारा त्याचं पाणी किती ग्रॅव्हिटीचं (खारटपणाच्या मापाचं) आहे, बऱ्याचदा १.०१९-१.०२० असतं, आणि तुमचा टब तेवढ्यावरच तयार ठेवा. पिशवी बंद असतानाच वीस मिनिटं टबात तरंगू द्या, तापमान एक झालं की उघडून रिफ्रॅक्टोमीटरनं (खारटपणा मोजायच्या यंत्रानं) एकदा खात्री करा आणि लगेच मासा जाळीनं किंवा छोट्या डब्यानं उचलून टबात. मग चार-पाच दिवसांत हळूहळू १.०२५ वर आणा. त्या दिवशी लाइट बंद, खायला दुसऱ्या दिवशी.

पिशवीतलं पाणी टबात पण नाही आणि टँकमध्ये तर नाहीच, सरळ मोरीत.

अकोट_रोड

आणि रिफ्रॅक्टोमीटर आणला असेल तर ३५ पीपीटीच्या (समुद्राएवढ्या खारटपणाच्या) सोल्युशननं सेट करून घ्या, नुसत्या आरओ पाण्यावर शून्य दाखवलं म्हणजे वर पण बरोबर दाखवते असं नाही. माझ्याकडं बाटली आहे, दर्यापूरला येणं झालं की घेऊन येतो, मेसेज करा.